पानमळ्यात वेलदोडा येईल का?



मागच्या महिन्यात मिरज तालुक्याच्या पूर्व भागात, आरग-बेडगच्या बाजूला फिरतीवर होतो. एका पानमळ्यात आबांनी चहाला बसवलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, तीस-पस्तीस वर्षं पानवेल करतात. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक रंगीत कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. वर हिरव्यागार वेलदोड्याचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'तिसऱ्या वर्षापासून लाखोंचं उत्पन्न'. रोप ८० रुपयांना, माल आम्हीच घेऊ, असं लिहिलेलं. आबा म्हणाले, "सायेब, मळ्यात सावली हाय, बारमाही पाणी हाय, गारवा हाय. मग येलदोडा का न्हाई यायचा?"

प्रश्न खुळा नाही. आबांनी पीक ओळखून प्रश्न विचारला होता. आपल्या मिरज भागात वेलदोड्याला त्यातल्या त्यात जवळची जागा कुठली असेल, तर ती पानमळाच. म्हणून मी लगेच 'नाही' म्हटलं नाही. "आबा, आठ दिवस पैसे देऊ नका, मी पुन्हा येतो," एवढंच सांगून निघालो. पुन्हा जाऊन त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगतो. कारण हा कागद एकट्या आबांच्या खिशात नसणार.

आधी या पिकाची ओळख करून घेऊ. वेलदोडा हा नावात 'वेल' असूनही वेल नव्हे. हळद, आलं यांच्याच कुळातलं ते झाड; झाड तरी कसलं, बारमाही गड्डा आणि त्यातून फुटणाऱ्या हिरव्या धांड्यांचं बेट. पुरुष-दीड पुरुष उंच वाढतं, चांगल्या जागी त्याहूनही जास्त. पानं हळदीसारखी, पण निमुळती आणि लांब. आता गंमत बघा. या बेटाला फुलं शेंड्याला येत नाहीत. बुडातून, जमिनीलगत लांब तुरे निघतात आणि काही जातींत ते तुरे जमिनीवर लोळतात. त्यांवर पांढरी फुलं येतात, मधल्या पाकळीवर जांभळ्या रेघा. फूल पहाटे उमलतं आणि संध्याकाळपर्यंत सुकून जातं. त्या एका दिवसात मधमाशी आली, तर बोंड धरतं. नाही आली, तर फूल गळून पडतं.

याचं माहेर म्हणजे दक्षिण सह्याद्रीतलं सदाहरित जंगल. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते १,२०० मीटर उंची, वर उंच झाडांची सावली, खाली कुजलेल्या पाल्याचा वीतभर थर, आणि वर्षाला १,५०० पासून ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस. केरळातल्या इडुक्की जिल्ह्याच्या डोंगरांना वेलदोड्याचेच डोंगर म्हणतात. कर्नाटकात कोडगू, सकलेशपूर, मुडिगेरे या भागांत तो होतो. आपल्याला जवळचं म्हणजे शिरसीकडच्या सुपारीच्या बागा, तिथं सुपारीखाली वेलदोडा लावतात.

कुणी म्हणेल, मिरजेहून बंगळूरच्या गाडीत बसलं की हुबळीच्या पुढं हावेरी लागतं, तिथं वेलदोड्याचे हार मिळतात. तो भाग तर आपल्यासारखाच. बरोबर आहे. पण हावेरीत हार गुंफतात, मळे नाहीत. माल घाटातून यायचा आणि हावेरीच्या बाजारात विकला जायचा. सांगलीच्या बाजारात जसा लांबलांबचा माल उतरतो, तसंच ते.

आता आपल्याकडं काय आहे ते बघू. मिरजेचा पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास. तुम्ही म्हणाल, पाऊस नाही तर नाही, म्हैसाळ योजनेचं पाणी आहे, ठिबक आहे. इथंच हिशोब चुकतो. ठिबकनं आपण मुळाला पाणी देतो, हवेला देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा ४० च्या घरात जातो आणि दुपारी अंगाला झळा लागतात. वेलदोड्याला ३५ च्या वर सोसत नाही. शिवाय त्याचा फुलोरा एप्रिलपासून सुरू होतो आणि मे-जूनमध्ये भरात येतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपली हवा सर्वांत कोरडी, नेमक्या त्याच महिन्यांत या पिकाला ओल्या हवेची सर्वांत जास्त गरज. पाणी मुबलक दिलं, तर बेट हिरवं राहीलही. पण हिरवं बेट आणि भरलेलं बोंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथं पाटण, जावळी, शिराळ्याकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडं तर पाऊस धो धो पडतो, मग आम्ही लावावा का? महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, इडुक्कीच्या बऱ्याच भागांपेक्षा जास्तच. पण तो सारा चार महिन्यांत. पुढं आठ महिने डोंगर कोरडा. केरळच्या डोंगरात जून ते नोव्हेंबर पाऊस चालतो आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी पुन्हा येतात. पाऊस किती पडतो याच्याइतकंच तो वर्षभर कसा वाटला जातो, यावर हे पीक उभं असतं.

हे नीट समजायचं असेल तर आपल्याच साताऱ्याच्या डोंगरातली एक वनस्पती पाहा. महाबळेश्वर-पाचगणीच्या सड्यांवर आणि कासच्या पठारावर पावसाळ्यात 'चवर' उगवते. तीही हळदीच्याच कुळातली. मृगाच्या पावसानंतर पान वर येतं, श्रावणाच्या सुमारास हिरवट-पांढरा तुरा उभा राहतो. पाऊस संपला की पान वाळून जातं आणि कंद जमिनीत झोपतो, तो पुढच्या पावसापर्यंत. तिच्या कंदापासून पूर्वी आरारूट काढत. (आता ती दुर्मिळ होत चालली आहे, फिरायला गेलात तर कंद उकरू नका.) आपली हळदही तेच करते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावली, पावसावर वाढली, माघ आला की पाला वाळला, गड्डा जमिनीत पडून राहिला. कोरडे महिने झोपून काढायची युक्ती या दोघींकडं आहे. वेलदोड्याकडं ती नाही. तो बारा महिने हिरवा असतो, म्हणून त्याला बारा महिने ओलावा लागतो. एका कुळातली भावंडं, पण स्वभाव वेगळा.

आता माती. वेलदोड्याला आम्ल, पालापाचोळ्याची, भुसभुशीत, पाणी न साचणारी जमीन लागते; सामू ५ ते ६.५. आपल्या मिरज भागातली बरीचशी काळी जमीन चुनखडीची, सामू ८ च्या आसपास. नदीकाठाला तर कित्येक शेतं क्षारपड झालेली. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. उसात 'केवडा' पडतो म्हणजे पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. इथल्या वेलदोड्याला तो कायमचाच होईल. दुसरं म्हणजे याची मुळं वीत-दीड वीत खोलीवरच पसरतात. पाण्याची पाळी चुकली आणि काळी जमीन भेगाळली, की ती मुळं तुटलीच. दरवर्षी माती परीक्षण करून घ्या असं आम्ही सांगतो, तेव्हा पुष्कळ लोक हसून सोडून देतात. नव्या पिकासाठी एक पैसा घालण्यापूर्वी तेवढा एक कागद हातात असलाच पाहिजे.

मग पानमळा? आबांचं म्हणणं इथं अर्धं खरं ठरतं. शेवरी, हादगा, पांगारा यांची विरळ सावली, चारी बाजूंनी वारा अडवणारं कूड, वरचेवर दिलेलं पाणी, वर्षानुवर्षं घातलेलं शेणखत. बाहेरच्या रानापेक्षा आत उन्हाळ्यात गारवा असतो, हे खरंच. पण पानमळ्याचा मोठा वैरी कोण? मूळकुज आणि मर. ती करणारी जी बुरशी, त्याच गोत्रातल्या बुरशीमुळं वेलदोड्याची बोंडं आणि कंद कुजतात. म्हणजे घरात आजारी माणूस असताना शेजारी नाजूक मूल झोपवायचं. दोघांनाही धोका. शिवाय पानवेलीवर फवारणी केली की मधमाशा येत नाहीत. पानाला त्यानं काही बिघडत नाही, वेलदोड्याचं सगळं बिघडतं. आणि कडेनं केळी, अळू असेल तर आणखी एक जपणूक. वेलदोड्यावर 'कट्टे' नावाचा विषाणू रोग येतो. पानावर फिकट-हिरव्या रेघा पडतात, बेट खुजं होत जातं. केळी-अळूवरच्या काळ्या माव्याच्या जातीतला मावा तो पसरवतो. त्याला औषध नाही. रोगट बेट मुळासकट उपटून नष्ट करणं एवढाच उपाय.

इतकं सांगून झाल्यावर आबांनी तो कागद पुन्हा पुढं केला. "मग ह्यो आकडा?"

कागदावर लिहिलं होतं, प्रत्येक रोपाला वर्षाला २ किलो वाळलेला वेलदोडा. आम्ही दोघांनी तिथंच हिशोब मांडला. सहा फुटांवर रोप धरलं, तर गुंठ्याला ३० रोपं. आबा वीस गुंठे लावणार होते, म्हणजे ६०० रोपं. रोपांचेच ४८,००० रुपये. प्रत्येकी २ किलो म्हणजे वीस गुंठ्यांत १,२०० किलो. याच हिशोबानं हेक्टरी ६,००० किलो झाले! ज्या डोंगरात हे पीक जन्मलं, तिथल्या उत्तम मळ्यातसुद्धा हेक्टरी हजार-दीड हजार किलो म्हणजे भरघोस उत्पादन समजतात. मिरजेच्या काळ्या मातीत त्याच्या चौपट कुठून येणार? आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरानं अडीच हजार इसार दिलाय."

भावाचंही असंच. कागदावर किलोला ७,००० रुपये छापलेले होते. आकडा खोटा नाही. केरळात २०१८ मध्ये महापूर आला, पुढच्या उन्हाळ्यात पाऊस लांबला, माल कमी झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इडुक्कीच्या लिलावात एका बोलीला तो भाव लागला. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तोच वेलदोडा हजाराच्या आसपास उतरला. बाजारही एकट्या भारताच्या हाती नाही. ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतल्या देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झाड नेलं, तिथल्या ओल्या डोंगरात ते रमलं आणि आज तो देश वेलदोडा निर्यातीत पुढं आहे. बघा, हजारो मैलांवर गेलेलं झाड टिकलं, कारण डोंगर तसाच मिळाला.

आणि विकणार कुठं? सांगलीची पेठ हळदीची, बेदाण्याची. वेलदोड्याचा लिलाव केरळात पुट्टडीला आणि तामिळनाडूत बोडीनायकनूरला. शिवाय तोडलेला माल तसाच विकत नाही. ओलं बोंड ४५ ते ५० अंशांच्या आसपासच्या कोंदट खोलीत रात्रंदिवस वाळवावं लागतं, तरच हिरवा रंग राहतो. उन्हात टाकलं की पांढरट पडतं आणि भाव जातो. पाच किलो ओल्या मालाचा एक किलो वाळलेला होतो. हे वाळवणीचं घर कोण बांधणार, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नव्हतं.

'माल आम्हीच घेऊ' या वाक्याबद्दलही थोडं बोलतो. कुणी असं म्हणालं तर विचारा: करार लेखी देणार का, भाव त्यात लिहिणार का, रोपवाटिकेचा परवाना आहे का, पक्की पावती मिळेल का, आणि आपल्यासारख्या हवेत तीन वर्षांहून जुना मळा प्रत्यक्ष दाखवाल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोबाईलमधला फोटो चालणार नाही, बांधावर उभं राहून बघायचं. पावती नसेल तर पुढं तक्रार करायलाही हातात काही राहत नाही.

आता एक माझीच फजिती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आईला परसात वेलदोड्याचं झाड हवं होतं. सुट्टीला घरी येताना रस्त्याकडच्या एका रोपवाटिकेतून दोन रोपं घेतली. विकणाऱ्यानं पान चुरगळून नाकाशी धरलं. काय घमघमाट! मी खूश. आईनं चार वर्षं जपली, तांदळाचं धुवण घातलं, शेजारणींना पानं वाटली. वेलदोडा काही लागेना. पुढं एका सरांनी फोटो बघून सांगितलं, हा वेलदोडाच नव्हे. आल्याच्या कुळातली, कुलिंजनाच्या जातीतली शोभेची वनस्पती आहे. पान सुवासिक, म्हणून वेलदोडा म्हणून खपते. कृषीचा विद्यार्थी असून मी फसलो, तर इतरांना काय बोलायचं!

ओळखायची खूण सोपी आहे. फुलाचा तुरा पानांच्या धांड्याच्या शेंड्यावर आला, तर तो वेलदोडा नव्हे. तुरा बुडातून, जमिनीलगत निघाला, तर खरा असण्याची शक्यता. पण रोप लहान असताना तुरा नसतो, त्यामुळं विकणाऱ्याकडचं मोठं, फुलावर आलेलं मातृझाड दाखवा म्हणावं. आणि पान चुरगळताच जोराचा वास आला, तर उलट सावध व्हा. खऱ्या वेलदोड्याचा तो खमंग वास बियांत असतो, पानात इतका नसतो. काही भगिनी मसाल्याच्या डब्यातले दाणे पेरून बघतात. ते उगवत नाहीत. वाळवणीच्या खोलीत बी मेलेलं असतं. रोपासाठी ताज्या पिकल्या बोंडातलं बी लागतं, आणि ते पेरल्यापासून रोप लावणीला येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं.

ज्यांना पश्चिमेकडं, झऱ्याचं बारमाही पाणी आणि फणस-सुपारीची दाट सावली आहे, त्यांनी घरापुरती पाच-दहा बेटं लावायला हरकत नाही. लाल, आम्ल माती तिथं मिळते. मात्र पैशाचं पीक म्हणून तिथंही मी सांगणार नाही. कोकणातल्या नारळाच्या बागांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठानं जी 'लाखी बाग' सांगितली, तिच्यातही काळी मिरी, दालचिनी, जायफळ आहे, वेलदोडा नाही. यावरून काय ते समजा.

मिरजेच्या बागायतदाराला याच कुळातलं पीक हवं असेल, तर ते आपल्या घरातच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कसबे डिग्रजला, आपल्याच तालुक्यात, हळद संशोधन केंद्र आहे. त्यांनी दिलेली 'फुले स्वरूपा' आणि आपली ओळखीची 'सेलम' यांचं बेणं निवडताना तिथं जाऊन एकदा बोला. आबांनी वीस गुंठ्यांसाठी जे ४८,००० काढून ठेवले होते, त्यात निरोगी बेणं, गादीवाफे आणि ठिबकचा बराचसा खर्च निघतो.

आबांचं काय झालं, तेही सांगतो. इसाराचे पैसे परत मिळाले नाहीत. पोरगा हिरमुसला होता. त्याला मी म्हटलं, हौस मारू नकोस, चार रोपं आण, पण शिरसीकडच्या खात्रीच्या बागेतून आण. पानमळ्यात नको, त्यापासून लांब, विहिरीच्या थारोळ्याजवळ आंब्याच्या सावलीत लाव. खड्ड्यात काळी माती नको. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि चांगलं कुजलेलं शेणखत भर. बुडाला वीतभर पाचट ठेव, खोडाला पाणी साचू देऊ नको. मार्चपासून सकाळ-संध्याकाळ पंपानं पानांवर पाणी मार. फुलं आली तर त्या काळात जवळपास फवारणी नको. आणि वहीत लिहून ठेव, कुठल्या तारखेला किती तुरे, किती बोंडं. तीन वर्षांनी तुझी वही आणि माझं बोलणं शेजारी ठेवून बघू. त्यानं चार रोपांचं कबूल केलं आहे, पाचवं मागत होता. येत्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, मी ती बघायला जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी आधीच लावली असतील, तर मंडळ कृषी कार्यालयात कळवा. तुमचीही बघायला येईन. बरीवाईट, जशी असतील तशी.